ड्रुइड घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळात ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) खेळणारे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार आहेत, कारण मला लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची टेबलं (खेळणारे गट) अजून त्यावरच चालतात. २०२४ च्या पुस्तकाने काय बदललं ते प्रश्न १६ मध्ये आहे. सगळ्या उत्तरांमागचा माझा एक आग्रह आधीच सांगते: ड्रुइडचं बरंच काही रोज सकाळी बदलता येतं आणि थोडंच कायमचं असतं. डोकं त्या थोड्यावर खर्च करा, बाकीच्याची काळजी सोडा.

१. ड्रुइड नेमका करतो काय? तो हीलर आहे, जादूगार आहे की लढवय्या?

तिन्ही थोडं थोडं, पण त्याचं खरं बळ मैदान ताब्यात घेण्यात आहे. शत्रूला एका जागी अडकवणं, वाट काटेरी करणं, दिसेनासं होऊन पुढे सरकणं या गोष्टी त्याच्याइतक्या सहज फार थोड्यांना जमतात. एकट्या शत्रूवर सर्वात जास्त डॅमेज करायची हौस असेल तर फायटर (लढवय्या) किंवा रोग (Rogue, चोरपावलांनी वार करणारा) घ्या. ड्रुइडची मजा दुसऱ्यांची पाळी सोपी करण्यात आहे.

२. मराठीत खेळतो. "ड्रुइड"ला काय म्हणायचं? ऋषी चालेल का?

चालेल, पण मला तो शब्द थोडा अडचणीचा वाटतो. ऋषी म्हटलं की तप, आश्रम, शाप-वरदान डोळ्यांपुढे येतं आणि कॅरेक्टर त्याच दिशेला ओढलं जातं. ऐतिहासिक ड्रुइड हे गॉल, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या केल्टिक लोकांचे पुरोहित आणि न्यायनिवाडा करणारे जाणकार. ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय की त्यांच्यातल्या काहींचं शिक्षण वीस वर्षं चालायचं आणि विद्या लिहून न ठेवता पाठ करायची असायची. हे मात्र आपल्याला लगेच कळतं.

मी टेबलावर "ड्रुइड" हाच शब्द ठेवते. पार्श्वभूमी आपल्याकडची हवी असेल तर देवराई घ्या. कोकणात, घाटमाथ्यावर अशा कितीतरी राया आहेत जिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक असतो. त्या रायीची राखण करणारं माणूस ड्रुइड म्हणून उभं करायला वेगळी कथा रचावी लागत नाही.

३. महागडं पुस्तक घेतल्याशिवाय सुरुवात होईल का?

होईल. मूळ नियमांचा संच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुला झाला. त्यात ड्रुइड क्लास (पात्राचा प्रकार) पूर्ण आहे, स्पेल (मंत्र) आहेत, प्राण्यांचे आकडेही आहेत. फक्त सर्कल (ड्रुइडची उपशाखा) एकच आहे, लँडचं. मून सर्कल हवं असेल तर पुस्तक लागेल, स्वतःचं किंवा टेबलावर कोणाचं तरी.

४. सहा आकडे कुठे टाकू?

हे आकडे म्हणजे कॅरेक्टरच्या सहा क्षमता. विस्डम (ड्रुइडची जादू यावर चालते) सर्वात वर, मग कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) आणि डेक्स्टेरिटी (चपळाई). स्ट्रेंग्थ (ताकद) बिनधास्त खाली टाका, कारण प्राण्याचं रूप घेतलं की स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन प्राण्याची लागते. पण मून सर्कलवाल्यांनी यावरून स्वतःचं कॉन्स्टिट्यूशनही खाली टाकू नये. अस्वल पडल्यावर उरलेला मार तुमच्याच अंगावर येतो (प्रश्न ११).

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. ठरलेले आकडे १५, १४, १३, १२, १०, ८. वंश हिल ड्वार्फ, म्हणजे कॉन्स्टिट्यूशनला २ आणि विस्डमला १ जास्त. विस्डम १५ चं १६, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १३ चं १५, करिश्मा १२, इंटेलिजन्स १०, स्ट्रेंग्थ ८. पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) ८ अधिक कॉन्स्टिट्यूशन १५ वरून मिळणारे २ अधिक ड्वार्फचा १, एकूण ११. कॉन्स्टिट्यूशन मुद्दाम विषम ठेवलंय, त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

वुड एल्फही छान बसतो. पण तुम्हाला मनापासून हाफलिंग ड्रुइड खेळायचा असेल तर खेळा. विस्डम १५ ने सुरू झालेला ड्रुइड मरत नाही.

५. ड्रुइडने लोखंडी चिलखत घातलं तर काय होतं? आणि मग त्याला सिमिटर (वाकडी तलवार) कशी चालते?

सर्वात जास्त वाद याच प्रश्नावर होतात. नियम एवढंच सांगतो की ड्रुइड धातूचं चिलखत घालत नाही आणि धातूची ढाल वापरत नाही. घातलं तर जादू बंद पडते किंवा इजा होते असं कुठेही लिहिलेलं नाही. हे व्रत आहे, आणि व्रत मोडणं न मोडणं हा डीएम (खेळ चालवणारा डन्जन मास्टर) आणि खेळाडूने बोलून ठरवायचा विषय आहे. शस्त्रांना हे बंधन नाही. सिमिटर आणि विळा ही दोन्ही धातूची शस्त्रं ड्रुइडच्या यादीतच आहेत.

सुरुवातीला हाइड चिलखत १० सोन्याच्या नाण्यांना मिळतं: एसी १२ अधिक डेक्स्टेरिटीची भर, ती जास्तीत जास्त २. (एसी म्हणजे आर्मर क्लास, शत्रूला वार लागायला गाठावा लागणारा आकडा.) लाकडी ढालीचे आणखी २. वरच्या ड्वार्फचा एसी १६ होतो, आणि पहिल्या काही लेव्हलना तेवढा पुरतो. पुढे आणखी हवा असेल तर डीएमकडे धातूचा हट्ट धरू नका. मारलेल्या अजस्र खेकड्याच्या कवचाचं ब्रेस्टप्लेट करून मागा. माझ्या टेबलावर एका मुलीने हेच केलं, कारागीर शोधण्यात अख्खं एक सत्र गेलं, आणि ते कवच आजही तिच्या कॅरेक्टर शीटवर रंगवलेलं आहे.

६. स्पेल किती मिळतात आणि चुकीचे निवडले तर?

चुकीचे निवडले तर उद्या सकाळी बदला. ड्रुइडला त्याच्या यादीतले सगळे स्पेल येतातच, रोज फक्त काही तयार ठेवायचे असतात: ड्रुइड लेव्हल अधिक विस्डम मॉडिफायर (आकड्यावरून मिळणारी भर, १६ ला ३). विस्डम १६ असेल तर पहिल्या लेव्हलला चार. लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) अख्खी यादी बदलता येते. उद्या नदी ओलांडायची आहे असं आज संध्याकाळी कळलं तर उद्याची यादी वेगळी करा. वर म्हटलेलं "रोज सकाळी बदलता येतं" ते हेच. कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल) मात्र मूळ नियमांत बदलत नाहीत, म्हणून ते दोन विचार करून घ्या. गायडन्स घ्याच. एका क्षमतेच्या चाचणीत डी४ (चार बाजूंचा फासा) ची भर, तीही फुकट.

पहिल्या दिवशीची माझी यादी: एन्टँगल, फेअरी फायर, हीलिंग वर्ड, गुडबेरी. हीलिंग वर्ड ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) पडलेल्या सोबत्याला उभं करतो. एक अट विसरली जाते: बोनस ॲक्शनने स्पेल टाकला तर त्याच पाळीत ॲक्शनने फक्त कॅन्ट्रिप टाकता येतो, स्लॉट (मोठे स्पेल टाकायची रोजची मोजकी मुभा) खर्चून दुसरा स्पेल नाही.

गुडबेरीची खुबी अशी. झोपण्याआधी स्लॉट शिल्लक असतील तर ते गुडबेरीत घाला. प्रत्येक वेळी दहा बेरी, प्रत्येकीत एक हिट पॉइंट आणि दिवसभराचं जेवण. २४ तास टिकतात, स्लॉट सकाळी परत येतात. करवंदं वाटावीत तशा त्या सगळ्यांच्या खिशात वाटून ठेवा, म्हणजे तुम्हीच पडलात तर कोणीतरी तुमच्या तोंडात एक घालू शकतं.

७. कॉन्सन्ट्रेशन म्हणजे काय, आणि माझे सगळेच चांगले स्पेल त्यात का अडकतात?

एका वेळी एकच स्पेल "धरून" ठेवता येतो. दुसरा धरलात की पहिला सुटतो. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (बचावाचा फासा), गाठायचा आकडा १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल ते. आणि हो, ड्रुइडचे जवळपास सगळे भारी स्पेल यातच येतात: एन्टँगल, फेअरी फायर, मूनबीम, स्पाइक ग्रोथ, हीट मेटल, पास विदाउट ट्रेस, बार्कस्किन, कॉल लायटनिंग, कंज्युर ॲनिमल्स. नवा खेळाडू सगळेच्या सगळे असलेच तयार ठेवतो आणि मग लढाईत एक टाकून बसून राहतो.

तयार यादी अशी करा की निम्मे स्पेल धरावे न लागणारे असतील. मग धरलेल्या एका स्पेलभोवती पाळी रचा. माझं आवडतं उदाहरण स्पाइक ग्रोथ. २० फूट त्रिज्येची जमीन काट्यांची होते आणि त्यातून प्रत्येक ५ फूट सरकायला २डी४ (दोन डी४) डॅमेज. आता थॉर्न व्हिप हा कॅन्ट्रिप घ्या. काट्यांचा चाबूक ३० फुटांवर लागतो आणि मोठ्या आकारापर्यंतच्या शत्रूला १० फूट तुमच्याकडे ओढतो. ओढत आणलेले ते १० फूट काट्यांतूनच, म्हणजे ४डी४, सरासरी १०. चाबकाचं डॅमेज वेगळं. एकही नवा स्लॉट न खर्चता हे दर पाळीला. सोबतीला ढकलणारा फायटर असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा, तो खूश होईल.

८. सर्कल ऑफ द लँड की सर्कल ऑफ द मून?

हा निर्णय दुसऱ्या लेव्हलला होतो, म्हणजे ३०० एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना), आणि तो कायमचा आहे. घाई करू नका.

प्राणी होऊन लढायचं असेल तर मून. प्राण्याचं रूप (वाइल्ड शेप) ॲक्शनऐवजी बोनस ॲक्शनमध्ये घेता येतं आणि दुसऱ्या लेव्हललाच चॅलेंज रेटिंग (प्राणी किती भारी ते सांगणारा आकडा) १ पर्यंतचे प्राणी मिळतात. तपकिरी अस्वलाचे ३४ हिट पॉइंट, आणि दर शॉर्ट रेस्टमागे (छोट्या विश्रांतीमागे) दोन रूपं. त्याच लेव्हलला आपल्या ड्वार्फचे स्वतःचे फक्त १९ आहेत. तुलना करून बघा.

स्पेल टाकायची आवड असेल तर लँड. शॉर्ट रेस्टमध्ये, लाँग रेस्टमागे एकदा, काही स्लॉट परत येतात: एकूण ड्रुइड लेव्हलच्या निम्मे, वरच्या अंगाला धरून. पाचव्या लेव्हलला त्यातून तिसऱ्या दर्जाचा एक पूर्ण स्लॉट मिळतो. शिवाय तुम्ही निवडलेल्या भूमीचे जादा स्पेल कायम तयार असतात.

बहुतेक लोक मून घेतात कारण अस्वल दिसतं. माझा अनुभव असा की लांब मोहिमेत लँडवाले जास्त काळ रमतात. पुढच्या पुस्तकांतून २०१७ मध्ये ड्रीम्स आणि शेफर्ड, २०२० मध्ये स्टार्स आणि वाइल्डफायर ही सर्कलं आली. पहिल्याच ड्रुइडला शेफर्ड घेऊ नका, बोलावलेले प्राणी सांभाळायला सवय लागते (प्रश्न १५).

९. वाइल्ड शेपमध्ये कोणतेही प्राणी होता येतं का? वाघ?

तुमच्या कॅरेक्टरने पाहिलेला प्राणी हवा, तो "बीस्ट" प्रकारातला हवा आणि मर्यादेत बसायला हवा. मून सोडून बाकी सगळ्यांसाठी: दुसऱ्या लेव्हलपासून रेटिंग १/४, उडणारा किंवा पोहणारा नको. चौथीपासून १/२, पोहणारा चालेल, उडणारा नाही. आठवीपासून १ आणि उडणाराही चालेल. म्हणजे दुसऱ्या लेव्हलला कावळा होऊन किल्ल्यावर नजर टाकणं कोणालाच जमत नाही, मूनलाही नाही. त्याला फक्त रेटिंगची सूट आहे, उडण्याची नाही. हे वाचून दर वेळी कोणाचा तरी हिरमोड होतो.

"पाहिलेला" ही अट कागदावर छोटी वाटते पण कथेला फार उपयोगी आहे. पहिल्या सत्राआधी डीएमला लिहून द्या की तुम्ही कुठे वाढलात आणि काय काय पाहिलंत. सह्याद्रीसारख्या मुलखात वाढलेल्या कॅरेक्टरने रानडुक्कर आणि बिबट्या नक्की पाहिला असणार. रानडुकराचे आकडे थेट मिळतात, बिबट्यासाठी पँथरचे वापरा. दोन्ही रेटिंग १/४. पट्टेरी वाघाचं रेटिंग १, म्हणजे मूनला दुसऱ्या लेव्हलला आणि लँडला आठव्या. ध्रुवीय अस्वल मात्र तो कधी उत्तरेला गेला ते सांगितल्याशिवाय नाही.

रूप ड्रुइड लेव्हलच्या निम्मे तास टिकतं. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला एक तास.

१०. रूप घेतल्यावर माझं काय राहतं, काय जातं?

बुद्धी, विस्डम, करिश्मा, स्वभाव तुमचाच. स्किल आणि सेव्हमधलं प्रावीण्यही तुमचं, वर प्राण्याचं मिळतं. बोलता येत नाही, नवीन स्पेल टाकता येत नाही. ती मुभा अठराव्या लेव्हलला येते. पण आधीच धरलेला स्पेल सुटत नाही. कॉल लायटनिंग टाकून मग रूप घेतलंत तर प्राण्याच्या रूपातूनही दर पाळीला ॲक्शन वापरून वीज पाडता येते, कारण तो स्पेल आधीच टाकलेला आहे. सेव्ह करताना कॉन्स्टिट्यूशन प्राण्याचं धरा. तपकिरी अस्वलाचं १६ आहे, ते बहुधा तुमच्याहून चांगलं.

अंगावरचं सामान शरीरात विरघळवायचं, खाली टाकायचं की अंगावर ठेवायचं हे तुम्ही ठरवता. विरघळलेल्या वस्तूचा काही उपयोग होत नाही, म्हणून ढालीचे २ अस्वलाला मिळत नाहीत.

११. अस्वलाच्या रूपात शून्यावर आलो तर मी बेशुद्ध पडतो का?

नाही. मूळ रूपात परत येता आणि उरलेलं डॅमेज तुमच्या हिट पॉइंटमधून जातं. अस्वलाचे ५ उरलेत आणि १२ चा फटका बसला तर ७ तुमचे गेले. त्यातून तुम्ही स्वतः शून्यावर आलात तरच बेशुद्ध. कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह मात्र त्या फटक्यालाही करावाच लागतो.

१२. चौथ्या लेव्हलला विस्डम वाढवू की फीट (आकडा वाढवण्याऐवजी मिळणारं खास कौशल्य) घेऊ?

प्रश्न ७ वाचला असेल तर उत्तर कळलंच असेल: धरलेला स्पेल सुटला तर अख्खी लढाई सुटते. म्हणून कॉन्स्टिट्यूशन विषम असेल तर रेझिलियंट हा फीट घ्या. आपल्या ड्वार्फचं १५ चं १६ होतं, त्या सेव्हमध्ये प्रावीण्य येतं, आणि ते रूपातही टिकतं. सरासरी धरली तर त्या लेव्हलला त्याचे हिट पॉइंट ३९ होतात. कॉन्स्टिट्यूशन सम असेल तर वॉर कास्टर हा फीट किंवा सरळ विस्डमला २. आठव्या लेव्हलला विस्डमच, तिथे दुसरा विचार नको.

१३. पाचव्या लेव्हलनंतर माझा मून ड्रुइड मागे पडतोय. काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाहीये. दुसऱ्या लेव्हलला तुम्ही सगळ्यांच्या पुढे होतात. पाचव्याला फायटरला दुसरा वार मिळतो आणि तुमचा प्राणी अजून रेटिंग १ चाच असतो. सहाव्याला २ होतो आणि तुमचे पंजे-दात जादुई धरले जातात. नवव्याला ३. दहाव्याला दोन्ही रूपं एकदम खर्चून एलिमेंटल (आग, पाणी अशा तत्त्वाचा जीव) होता येतं, रेटिंग ५, आणि मग गाडी पुन्हा रुळावर येते.

मधल्या काळात तुम्ही पूर्ण जादूगार आहात हे विसरू नका. पाचव्या लेव्हलला तिसऱ्या दर्जाचे स्पेल हातात आलेत. आधी त्यातला एक धरा, मग अस्वल व्हा. आणि रूपात असताना स्लॉट जाळून हिट पॉइंट भरायची सोय शक्यतो वापरू नका. पहिल्या दर्जाच्या स्लॉटला एक डी८ मिळतो, तोच स्लॉट नंतर हीलिंग वर्डला कोणाचा तरी जीव वाचवेल.

१४. एक लेव्हल बार्बेरियनची घेतली तर?

अस्वल आणि रेज (बार्बेरियन या लढवय्या क्लासचा संताप) एकत्र चालतात. तोडणं, भोसकणं, ठेचणं या तिन्ही माऱ्यांचं डॅमेज निम्मं होतं. बार्बेरियनचा चिलखताशिवायचा एसीही लागू होतो: अस्वलाचा ११ ऐवजी १३. त्यासाठी विस्डम आणि स्ट्रेंग्थ दोन्ही १३ हवं, म्हणजे प्रश्न ४ मधला ड्वार्फ बाद.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. रेजमध्ये कॉन्सन्ट्रेशन धरता येत नाही. आणि तिसऱ्या दर्जाचे स्पेल पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला येतात. चार-पाच सत्रांची छोटी मोहीम असेल तर जरूर करा. लांब मोहिमेत मी करणार नाही.

१५. कंज्युर ॲनिमल्सला आमचा डीएम वैतागतो. काय करू?

त्याचं ऐका. तिसऱ्या दर्जाच्या एका स्लॉटमध्ये रेटिंग १/४ चे आठ प्राणी येतात. आठ लांडगे म्हणजे आठ हालचाली, आठ हल्ले, आणि बाकीचे चौघे चहा करायला उठतात. प्राणी कोणते येतील हे २०१४ च्या नियमांत डीएम ठरवतो, त्यामुळे आधी बोलून घ्या. आकडे कागदावर लिहून आणा, आठही फासे एकदम टाका, डॅमेजची सरासरी धरा, आणि शक्यतो आठऐवजी रेटिंग १ चे दोन मागा. तुमची पाळी एक मिनिटात संपली तर कोणी वैतागणार नाही.

१६. २०२४ च्या पुस्तकात काय बदललं?

बरंच. रूप सगळ्यांनाच बोनस ॲक्शनमध्ये मिळतं, पण प्राण्याचे हिट पॉइंट मिळत नाहीत. तुमचेच राहतात, वर ड्रुइड लेव्हलइतके तात्पुरते मिळतात, मूनला त्याच्या तिप्पट. त्यामुळे प्रश्न ११ चा हिशेब तिथे लागू नाही. सर्कल तिसऱ्या लेव्हलला निवडायचं. पहिल्याच लेव्हलला जादूकडे झुकायचं की चिलखत-शस्त्रांकडे हे ठरवायचं असतं, आणि धातूचं व्रत नियमांतून गेलं. ठरावीक रूपंच ठाऊक असतात, दुसऱ्या लेव्हलला चार. कंज्युर ॲनिमल्समध्ये आता आठ वेगळे प्राणी येत नाहीत, एकच झुंड येते. दोन्ही पुस्तकांतले आवडते तुकडे जोडू नका, टेबलाने एक निवडावं.

१७. विसाव्या लेव्हलला काय मिळतं? तिथे कोणी पोचतं का?

हवी तितकी रूपं. मून ड्रुइड दर पाळीला नवीन अस्वल किंवा एलिमेंटल होऊ शकतो, त्याला मारणं जवळपास अशक्य होतं. पोचणारे थोडे असतात.

जुन्या काळी तर जागाच नव्हती. ड्रुइड १९७५ मध्ये या खेळात आधी राक्षसांच्या यादीत आला, १९७६ मध्ये खेळाडूंसाठी क्लास झाला, आणि १९७८ च्या नियमांत बाराव्या लेव्हलचे ड्रुइड फक्त नऊ, तेराव्याचे तीन, चौदाव्याचा एकच, ग्रेट ड्रुइड. पुरेसा एक्सपी झाला तरी वर जायचं तर वरच्या जागेवर बसलेल्याला द्वंद्वात हरवावं लागे, आणि हरलात तर खाली ढकलले जायचात. मी हा नियम माझ्या टेबलावर कथा म्हणून परत आणला आहे. आमची ड्रुइड सध्या अकराव्या लेव्हलला आहे. रायीत बसलेल्या नऊ जणांची नावं तिने वहीत लिहून ठेवली आहेत, आणि त्यातला एक तिचा गुरू आहे.